फाटकापर्यंत जाऊन आलेला माणूस

सन दोन हजार एकवीस. त्या वर्षी पाडवा मंगळवारी आला आणि गुरुवारी आमच्या गावच्या शाळेत करोनाची लस टोचणारे लोक आले. मला तारखा लक्षात राहत नाहीत, वार राहतात.

आमचं गाव बुराईच्या काठी. शिंदखेड्याहून एसटीनं पाऊण तास. चैत्रात नदीत पाणी नसतंच, वाळूत झिरे खणून बाया हंडे भरतात. दादर ज्वारी घरात आलेली असते, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात, आणि घरोघर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे दिवस असतात. एरवी एका घरच्या बिबड्यांना आठ-दहा बाया लागत. एक कढईतलं पीठ घोटायची, एक हात भाजत गोळा काढून द्यायची, बाकीच्या ओल्या फडक्यावर थापायच्या आणि साऱ्या गावाची उणीदुणी काढायच्या. त्या वर्षी, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या धाब्याच्या छतावर दोघीच होतो. मी आणि माझी जाऊ धुरपदाबाई. दोघींच्या तोंडाला पदर बांधलेला. गोळाही मीच काढायचा आणि थापायचाही मीच.

तेवढ्यात मेघा जिना चढून वर आली. मेघा माझी सून. माहेर पाचोऱ्याचं, बारावी शिकलेली, आमच्यासारखं बोलणं तिला कधी जमलं नाही. मुलगा भूपेंद्र जळगावला पाइपाच्या कारखान्यात होता आणि ही गावात आशाचं काम करायची. वर्षभर ती घरोघर फिरत होती. बोटाला लावायचं यंत्र आणि कपाळाला धरायचं यंत्र पिशवीत घालून. त्या दिवशी एका हातात चप्पल होती, अंगठा तुटलेली. पाय भाजून लाल झालेले.

"चौऱ्याण्णव म्हातारी माणसं आहेत अक्का, या गावात," ती खाली बसत म्हणाली. "मागच्या महिन्यात सात आली. उद्या ऐंशी जणांची लस येतेय. खोली रिकामी राहिली तर सिस्टर पुढच्या वेळी दुसऱ्या गावाला जाणार. तिकडं लोक रांगा लावून बसलेत."

"आन आठे काय म्हनतस?" धुरपदाबाईनं विचारलं.

"छगनबाबा म्हणतो, 'तुना सासरानं लिधी का? नही ना? मंग आमना दंडवर कसाले नांगर चालावस?'" मेघानं छगनचा आवाजही काढला. आम्हाला हसू आलं, पण तिला नाही. "सगळे तेच म्हणतात. आबांनी घेतली का? आबांनी घेतली का?"

गावाचे आबा म्हणजे आमचे मालक, अभिमन. पंच्याहत्तरीला आले होते. पहिल्या वर्षी सगळं बंद पडलं तेव्हा सगळ्यांत कडक तेच होते. गावाच्या तोंडावर बाभळीच्या काट्या त्यांनी टाकल्या. सख्ख्या बहिणीचा मुलगा सुरतेहून पायी आला, त्याला त्यांनी मळ्यातल्या खोपीत चौदा दिवस ठेवलं आणि भाकरी स्वतः नेऊन दगडावर ठेवली. अंगणात प्रत्येकाची खाट दुसऱ्यापासून सहा हात लांब. श्रावणात कानबाई देवीचा रोट, म्हणजे गव्हाचा नैवेद्य, असतो. सगळी भाऊबंदकी एका घरात जमून तो खाते, बाहेरच्याला त्यातला घासही देत नाहीत. त्या वर्षी आबांनी सांगितलं, रोट ज्यानं त्यानं आपल्या चुलीवर करायचा. त्यावरून चुलतभाऊ मगन वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. पण ऐकलं सगळ्यांनी. गल्लीतला तोताराम गेला तेव्हा पाच जणांनीच नेला. आबा शिवेवर उभे राहून मोजत होते.

तेच आबा लशीचं नाव निघालं की उठून गोठ्यात जात.

"हात धुवा म्हने, धुयात. घर मा बसा म्हने, बसनूत," एकदा ते मला म्हणाले. "सरकारनं बठ्ठं आयकं मी. पन अंग नही."

मी पुढं विचारलं नाही. मला माहीत होतं. मी तर पहिल्याच फेरीत गेले असते. पण नवऱ्याच्या आधी जायला पाय उचलेना, हे खरं सांगते.

बाहत्तरच्या दुष्काळात मी एकवीस वर्षांची होते. गावाजवळच्या नाल्यावर तलावाचं काम निघालं. मी, आबा, सासू, सगळे खडी फोडायला. दुपारी सुकडी मिळायची. मूठभर गोड पिवळी भुकटी, पाण्यात कालवून. माझी सासू डोळे मिटून खायची आणि म्हणायची, "सरकार माय शे." ते खोटं नव्हतं. त्या सुकडीवर आमचं घर जगलं. त्याच्याही आधी, मी लहान असताना, देवीची टोचणी करणारा माणूस सायकलवर यायचा. तेव्हाचे दोन गोल वण माझ्या दंडावर अजून आहेत. आमच्या पुढच्या पिढीत देवीनं तोंड खडबडीत झालेलं माणूस उरलं नाही, तेही सरकारच्याच हातानं.

आणि शहात्तर सालही त्याच सरकारचं.

तलावाचं काम तेव्हाही अधूनमधून चालू असे. आबा मुकादम झाले होते. एका शुक्रवारी कामावर जीप आली. साहेब म्हणाला, तरुण गड्यांची तपासणी आहे, तपासणी झाली की कामाचं नवं कार्ड मिळेल. गडी मागं सरले. आबांना वाटलं, आपण मुकादम, आपल्या घरचा माणूस जीपमध्ये आधी बसला तर बाकीचे बसतील. त्यांनी धाकट्या भावाला हाक मारली. झुलालभाऊ एकवीस वर्षांचा. लग्नाला आठ महिने झालेले. खांद्यावरची कुदळ त्यानं खाली ठेवली.

"बस, झुलाल. सरकारी मानसं शेतस. चाल."

झुलालभाऊ बसला. मागून आणखी सहा जण बसले. जीपनं नेलं त्या दवाखान्यात एका कागदावर अंगठा घेतला. कागद कोणी वाचून दाखवला नाही. संध्याकाळी जीपनं त्याला फाट्यावर सोडलं. एका हातात डालड्याचा डबा आणि खांद्यावर नवी घोंगडी. पाय फाकवून चालत आला. धुरपदाबाई दारात उभी होती. तिला वाटलं, बैलानं मारलं. नसबंदी हा शब्द आम्ही नंतर ऐकला.

त्यांना मूल झालं नाही. झुलालभाऊ एका शब्दानं आबांना कधी बोलला नाही. एकाच चुलीवर आम्ही जेवलो, एकच औत दोघांनी धरलं. पण दर श्रावणात कानबाईच्या आदल्या दिवशी रोटाचे गहू मोजतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. भाऊबंदकीच्या बाया गोल करून बसतात. आबांच्या नावाची मूठ, भूपेंद्रच्या नावाची मूठ. मग झुलालभाऊची. पुढं मुलाच्या नावाची मूठ नाही, म्हणून त्यांची सुपली लगेच सरकायची. कोणीतरी म्हणायचंच, "झुलालनी एकलीच." धुरपदाबाई सुपलीतला नसलेला खडा निवडत बसायची. पंचेचाळीस वर्षं ती मूठ आबांनीच मोजली, घरात मोठे म्हणून.

त्याच बुधवारी ऊन कलल्यावर मेघानं अंगणात विषय काढलाच. आबा खाटेवर, झुलालभाऊ सहा हात लांब निंबाखाली अंबाडीचा दोर वळत बसलेला. तोही सहासष्ट वर्षांचा झालेला.

"आबा, तुम्ही फक्त शाळेत येऊन बसा. बाकी मी बघते. दगडीबाईला धाप लागते, तोतारामबाबांसारखं तिचं झालं तर? लोक तुमच्या तोंडाकडं बघतात."

आबांनी खाटेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाले, "मी येसू. टोची लिसू. मन्हं काय, चार दिन कमी-जास्त. पन कोणाले 'चाल' म्हनानं, ते मन्हाकडथून होणार नही. एक डाव सांगेल शे मी."

दोर वळणारा हात थांबला. धुरपदाबाईनं वाळलेल्या बिबड्यांची चळत उचलली आणि आत गेली. ती बाब त्या घरात पहिल्यांदाच कोणी तोंडावर आणली होती. मेघाला काही उमगलं नाही, ती माझ्याकडं बघू लागली. मी तिला मानेनं गप्प केलं.

झुलालभाऊनं पायाच्या अंगठ्यात अडकवलेला दोर सोडला. "मेघा, तुना कागदवर मन्हं नाव शे का?"

"आहे नाना. सदतिसावं."

"पह्यलं कर."

गुरुवारी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा झुलालभाऊ आंघोळ करून तयार होता. धुतलेलं धोतर, इस्तरीची टोपी, रुमाल नाकावर बांधलेला. आबांच्या खाटेपाशी उभा.

"भाऊ, ऊठ. तू नको सांगू कोणाले. मी तुले सांगस. चाल."

आबा उठले. वहाणेत पाय घालायला गेले तर पाय वहाणेच्या बाहेरच पडत होता. मी खाली बसून वहाण धरली. असं मी लग्नानंतर कधी केलं नव्हतं.

शाळेत मेघानं चुन्यानं गोल आखले होते. मागच्या वेळसारखीच गत, गोल खूप आणि माणसं थोडी. समोर पाराच्या कट्ट्यावर मात्र गर्दी. छगन, मगन आणि बरेच म्हातारे मजा बघायला बसलेले. छगन बिडी ओढायला रुमाल खाली करायचा आणि मेघा बघतेय असं वाटलं की वर करायचा.

"उना, उना, पह्यला नंबर उना!" तो ओरडला. "नाना, डबा लई ये रे, डालडा भेटी!"

कट्टा हसला. आबांचा चेहरा मी बघितला नाही. माझ्यानं बघवला नाही.

सरिता सिस्टर तरुण होत्या, तिशीच्या आतल्या. निळ्या झग्यात घामानं भिजलेल्या. झुलालभाऊ खुर्चीवर बसला. सिस्टरनी आधार कार्ड बघितलं, कागदावर खूण केली.

"नाना, बाही वर घ्या."

"पह्यले कागद वाच."

"अहो नाना, ऐंशी लोकांचं काम आहे."

"डबानं झाकन लाव नी वाच. मोठा आवाजमा. त्या कट्टावर बठेल शेतस, त्यासले बी आयकू येवाले पाहिजे."

सिस्टरनी मेघाकडं बघितलं. मेघानं हात जोडले. मग सिस्टरनी खरंच वाचलं. औषधाचं नाव, कशासाठी, किती दिवसांनी दुसरी. ताप येईल, अंग दुखेल, क्वचित कोणाला जास्त त्रास होतो म्हणून अर्धा तास इथंच बसायचं. मेघा एकेक वाक्य सोपं करून सांगत होती. झुलालभाऊनं सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगितलं. बाटली उन्हात धरून बघितली. कट्ट्यावरचं हसणं हळूहळू थांबलं.

"ही सुईनं काही बंद पडत नही ना?" त्यानं विचारलं.

एक-दोन बाया पदराआड फिसकन हसल्या आणि एकदम गप्प झाल्या. जीपमध्ये त्याच्या मागून बसलेल्या सहा जणांपैकी दोन जण त्या कट्ट्यावर होते. सिस्टरला काही कळलं नाही. मेघाला मात्र तेव्हा कळलं. कालचं सगळं तिला त्या क्षणी जुळलं. ती सिस्टरच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. सिस्टर खुर्चीवरून उठल्या. बापाच्या वयाच्या माणसासमोर उभं राहतात तशा उभ्या राहिल्या.

"नाही, नाना. काही बंद पडत नाही."

"आन मी नही म्हनं तं? जाऊ देशी?"

"हो. ती बघा वाट. जा तुम्ही. तुमच्या मर्जीशिवाय मी हात लावणार नाही."

झुलालभाऊ उठला. टोपी नीट केली आणि चालायला लागला. व्हरांड्यातून खाली, मैदानातून सरळ फाटकाकडं.

"भागना! नाना भागना!" छगननं टाळी दिली.

मेघानं तोंडावर हात ठेवला.  आता एकही जण येणार नाही, हे मला दिसत होतं. आबा आपल्या गोलात उभे होते. त्यांनी हाक मारली नाही. त्यांचे ओठ हलत होते, पण हाक नव्हती.

झुलालभाऊ फाटक उघडून बाहेर गेला. रस्त्यावर, भर उन्हात उभा राहिला. डावीकडं बघितलं. उजवीकडं, शिंदखेड्याच्या रस्त्याकडं बघितलं. मागून कोणी आलं नाही. कोणी दंड धरला नाही. शाळेतून कोणी आवाजही दिला नाही. एक बकरी तेवढी रस्ता ओलांडून गेली. लोखंडी फाटकावर हात ठेवून तो किती वेळ उभा होता, मला सांगता येणार नाही. फाटक तापलेलं असणार, पण त्यानं हात काढला नाही.

मग तो वळला. जसा गेला तसाच सावकाश मैदान तुडवत आला, खुर्चीवर बसला आणि सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत गुंडाळली.

"टोच."

सिस्टरनी देवीच्या जुन्या वणाच्या खाली सुई टोचली. झुलालभाऊनं तोंड फिरवलं नाही. सुईकडंच बघत राहिला.

दुसरे आबा. त्याच खुर्चीवर. मग दोघे भाऊ अर्धा तास व्हरांड्यात दोन टोकांना बसले. अर्धा तास झाल्यावर आबा उठले आणि मैदान ओलांडून कट्ट्यापाशी गेले. छगनसमोर उभे राहिले. छगननं बिडी पाठीमागं लपवली.

"चाल, छगन," आबा म्हणाले.

एवढंच. पंचेचाळीस वर्षांत गावात कोणाला त्यांनी 'चाल' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"लिसू आबा, लिसू," छगन कट्ट्यावरून उतरत म्हणाला. "पन सांजले एक घोट चालस का, ते इचारी ल्या त्या बाईले."

"चालत नाही!" सिस्टर तिथूनच ओरडल्या, आणि सगळं मैदान हसलं.

मगन तेवढा उठून घरी गेला. बाकीचा कट्टा खाली उतरला. जीपमधले ते दोघेही. प्रत्येक जण बसला की म्हणायचा, "मन्हा बी कागद वाच." आणि सिस्टर वाचायच्या. घसा बसला त्यांचा. धुरपदाबाईनं घरून ताक आणून दिलं. मी एकेचाळिसावी होते. दुपारी चार वाजता शेवटच्या बाटलीत एक डोस उरला. तोतारामची विधवा दगडीबाई चालू शकत नव्हती. चार बाप्ये गेले आणि तिला खाटेसकट उचलून घेऊन आले. तिच्या नवऱ्याला न्यायला त्या गल्लीत पाच जणांच्या वर जाता आलं नव्हतं. त्या दिवशी खाटेमागं निम्मं गाव होतं. अंतर ठेवून, पण होतं.

डबा रिकामा झाला. मेघा शाळेच्या पायरीवर बसून रडली. त्या तुटलेल्या चपलेला तिनं सुतळी बांधली होती.

दुसऱ्या दिवशी गाव तापानं फणफणलं. आमच्या अंगणात चार खाटा, चारही कण्हणाऱ्या. छगन भिंतीपलीकडून ओरडला, "नाना, कागदवर ताप लिखेल व्हता, पन इतला नही!" झुलालभाऊ तापातही हसला. दुपारी आबांनी पडल्या पडल्या विचारलं, "काल बाहेर कसाले गयथा?"

"वाट मोकळी शे का, दखाले."

"मंग?"

"व्हती मोकळी. म्हनीसन परत उनू."

आबांनी कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. मी त्यांच्या अंगावर चादर ओढली तेव्हा पाठ हलत होती. मी म्हटलं, थंडी वाजतेय का? ते म्हणाले, हो.

त्या साली श्रावणात दोन-दोन सुया झालेली भाऊबंदकी पुन्हा कानबाईला जमली. खिडक्या-दारं उघडी ठेवून बसलो. मगनही आला. गव्हाची कोठी उघडली आणि बायांनी सुपल्या पुढं केल्या. आबांनी हात पुढं केला, मागं घेतला आणि कोठीपासून बाजूला सरकले.

"झुलाल, मोज."

मोठा भाऊ असताना धाकट्यानं मोजायची रीत नाही. बायांनी सरकून त्याला जागा दिली. झुलालभाऊनं आबांच्या नावाची मूठ काढली, भूपेंद्रची काढली. मग स्वतःची. सव्वा मूठ, भरगच्च, बोटांतून दाणा न सांडता. आणि ती धुरपदाबाईच्या सुपलीत टाकली. ती त्या दिवशी खडे निवडत नव्हती. मान वर करून बसली होती.

त्याला आता बरीच वर्षं झाली.

सरिता सिस्टरची बदली झाली. जाताना आमच्याकडून बिबड्यांचं गाठोडं घेऊन गेल्या. मेघा आता चौदा गावांच्या आशांवर देखरेख करते आणि तिच्या पिशवीत कायम सुतळी असते. भूपेंद्र अजून जळगावलाच आहे. दगडीबाई आणखी दोन दिवाळ्या बघून गेली. छगनला मोतिबिंदू झाला, तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरला त्यानं आधी कागद वाचायला लावला. मगननं त्या पावसाळ्यात गुपचूप शिंदखेड्याला जाऊन सुई घेतली होती. त्याचे कागद सुनेला कपाट आवरताना सापडल्यावर आम्हाला कळलं.

आबा तेवीस साली मार्गशीर्षात गेले, सकाळी चहा पिऊन झाल्यावर, खाटेवर बसल्या बसल्या. त्यांना न्यायला पाच माणसं नव्हती, पंचक्रोशी होती. झुलालभाऊनं शेवटपर्यंत खांदा सोडला नाही.

धुरपदाबाई आणि मी अजून बिबडे घालतो. आता पुन्हा आठ बाया येतात आणि पुन्हा उणीदुणी निघतात. त्यांना आम्ही शाळेतला तो गुरुवार सांगतो. नव्या सुना विचारतात, नाना खरंच फाटकाबाहेर गेले होते? धुरपदाबाई म्हणते, "गये, आन परत उनात," आणि गोळा जोरात थापते.

रोटाचे गहू दर श्रावणात झुलालभाऊच मोजतो. हात आता कापतो, मूठ लहान झाली आहे. भाऊबंदकी श्वास रोखून बघत बसते. अजून एकही दाणा खाली पडलेला नाही.